राजीनाम्यावरची दुसरी सही

आक्का,

परवा नांदेडला तुझा जलदान विधी झाला. भंतेजींनी पाणी ओतायला सांगितलं तेव्हा माझा हात हलला आणि अर्धं पाणी ताटाबाहेर सतरंजीवर गेलं. मला वाटलं, आता तू बोलणार. पाणी सांडलेलं तुला कधीच सहन झालं नाही.

नंतर लोक तुझ्याविषयी बोलले. तुझ्या दवाखान्यातली मैत्रीण, शेजारचे मास्तर आणि औशाहून आलेला आपला एक लांबचा भाचा, तिघांनी एकच गंमत सांगितली. नर्सबाई परदेशातून भावाला लिहिते, राजीनामा पाठवते आहे. भाऊ साधाभोळा. तो कागद नेऊन दवाखान्यात देतो आणि बाईची नोकरी जाते. लोक डोळे पुसता पुसता हसले. मीही हसलो. तेरा वर्षं मी या गमतीवर हसत आलोय. तू ती माझ्यादेखत सांगायचीस, पाहुण्यांना, माझ्या साहेबांनासुद्धा, आणि शेवटी माझ्या पाठीवर थाप मारून म्हणायचीस, "आमचा बापू म्हंजे सरकारी मराठीचा बळी."

तो भाऊ साधाभोळा नव्हता, आक्का. हे मला माहीत होतं आणि तुलाही माहीत होतं. तू माहीत नसल्यासारखं वागलीस आणि मी तुला तसं वागू दिलं. तुझ्या शोकसभेतसुद्धा मी गप्प बसलो. म्हणून आता लिहितोय.

आबा औशाच्या तहसील कचेरीत चपराशी होते, निजामाच्या काळात. त्यांना स्वतःचं नाव लिहिता येत नव्हतं. पण दारात उभं राहून वर्षानुवर्षं पुकारा केल्यामुळे कचेरीची सगळी भाषा त्यांच्या कानात बसलेली होती. आपण दोघं भांडलो की ते उंबऱ्यात उभे राहायचे आणि कचेरीतल्यासारखा आवाज लावायचे, "फरीकैन हाजिर हैं क्या?" फरीकैन म्हणजे दोन्ही पक्ष, म्हणजे तू आणि मी. नाक ओढत, रडत, पण आपण "हाजिर" म्हणायचो. मग तू पाटीवर उर्दूत राजीनामा लिहायचीस, की आम्ही राजीखुशीने लिहून देतो, आमची एकमेकांवर आता काही तक्रार बाकी नाही. खाली तुझी सही, त्याखाली माझी. आबा तव्याच्या बुडाला अंगठा घासून साक्षीदार म्हणून उठवायचे आणि तोच अंगठा माझ्या नाकाला पुसायचे.

एकदा मी सही करायला नाही म्हणालो. भांडण कशावरून होतं ते आठवत नाही, तू माझी गोटी विहिरीत टाकली होतीस असं काहीतरी. मी रुसून गोठ्याकडे जाऊन बसलो. आबांनी पाटी कोनाड्यात ठेवली आणि मला ऐकू जाईल असं म्हणाले, "एकाच्या सहीचा राजीनामा नसतो. ती नुसती अर्जी. आन् फरीक गैरहाजिर असला तर तारीख पडती." दोन दिवस पाटी कोनाड्यात होती. तुला शाळेत पाटीवाचून जावं लागलं. तिसऱ्या दिवशी मी सही केली ती तुझी दया येऊन नाही, आबा माझ्याशी बोलत नव्हते म्हणून.

पुढे संस्थान गेलं. शाळेची भाषा बदलली. तू सोळाची, मी दहाचा. मला अलिफ बे यायचं आणि मास्तर अ आ विचारायचे. तू आधी स्वतः शिकलीस, मग मला कचेरीच्या मागच्या पायऱ्यांवर बसवून कोळशानं काढून दाखवलंस. ळ काढताना तू जीभ दातात धरायचीस, म्हणून मीही धरायला लागलो. अजून धरतो. माझं अक्षर म्हणजे तुझंच अक्षर, आणि त्या अक्षरावर मला कारकुनी मिळाली.

भाषेबरोबर तो शब्दही उलटला. आबांच्या कचेरीत राजीनामा म्हणजे दोन पक्षांनी जुळवून घेणं. माझ्या कचेरीत राजीनामा म्हणजे नोकरी सोडणं. आपल्याला दोघांनाही दोन्ही अर्थ माहीत होते. आबा गेल्यावरसुद्धा आपण घरात तो शब्द त्यांच्याच अर्थानं वापरत होतो. राखी, भाऊबीज आपण दीक्षेनंतर सोडली, हे मात्र सोडलं नाही.

मग लढाईचं वर्ष आलं. सीमेपलीकडून माणसांचे लोंढे बंगालात येऊन पडले होते आणि तिथल्या छावण्यांसाठी एक मदत पथक नर्सबाया घेत होतं. तू औशाच्या सरकारी दवाखान्यात होतीस. चार महिन्यांची बिनपगारी रजा टाकलीस आणि मला ती मंजूर झाल्यावर सांगितलंस. मायला अर्धांग होऊन दोन वर्षं झाली होती. नांदेडच्या स्टेशनात मी तुला म्हणालो, "परक्यांचं गूमूत काढायला जातीस. घरच्या मायचं कोण काढणार?"

तू म्हणालीस, "मायजवळ तू हायस, सुमन हाय. तिथं त्यांच्याजवळ कुणीच न्हाई."

"मग तिथंच ऱ्हा," मी म्हणालो. "इकडं तोंड दाखवू नको."

हे भांडण आपण कधी पुरं केलं नाही. मला आजही वाटतं, माझ्या म्हणण्यात थोडं तरी खरं होतं. मायला उचलणं, पुसणं, भरवणं हे सगळं माझ्या बायकोनं, सुमननं केलं, मी नाही. तिच्या वतीनं रागावण्याचा हक्क मला कितपत होता हे मात्र मी कधी तपासलं नाही.

लढाई संपली, तुझी रजा संपली, पण तू आली नाहीस. पथकाबरोबर पलीकडच्या नव्या देशात गेलीस. उन्हाळ्यात मायचं दुखणं जास्त झालं. तोंड वाकडं झाल्यामुळे तिचे शब्द कळायचे नाहीत, पण एक कळायचं, "पोरगी आली का?" मी पाठवलेली तार तुला सापडली नाही. मायला मी सांगत राहिलो, गाडीत बसली, येऊन राहिली. नऊ दिवस मी तुला गाडीत बसवून ठेवलं. माय गेली ती तू गाडीत आहेस या समजुतीवर.

महिन्यानं तुझं पत्र आलं. आत दोन कागद होते. एकावर मायसाठी लिहिलेलं. त्याच्या शेवटी तू लिहिलं होतंस, "बापू, सोबत राजीनामा पाठवते आहे. तू सही करून ठेव. आबा नाहीत, अंगठा कुणाचा घ्यायचा ते तू ठरव." दुसऱ्या कागदावर वर 'राजीनामा' आणि खाली एवढंच, की मी राजीखुशीने लिहून देते, माझी आता काही तक्रार बाकी नाही. तुझी सही. सहीखाली माझ्यासाठी सोडलेली जागा.

त्याच आठवड्यात दवाखान्याची नोटीस घरी आली होती. रजा संपून बरेच दिवस झाले, बाई हजर होणार की नाही ते कळवावे. मी पहिला कागद पेटीत ठेवला. दुसरा घेतला. त्याला माझा अर्ज जोडला, "सोबत माझ्या बहिणीने पाठविलेला नोकरीचा राजीनामा सादर करीत आहे." तू 'राजीनामा' लिहिलं होतंस. 'नोकरीचा' हा शब्द माझा. तो लिहिताना माझा हात हलला नाही, आक्का. अक्षर छान आलं. तेव्हाचे साहेब घाटावरून नुकतेच बदलून आलेले, त्यांना आपली पाटी कुठून ठाऊक असणार? त्यांनी तुझा कागद वाचला, माझा अर्ज वाचला आणि तुझ्या सहीखाली, माझ्यासाठी सोडलेल्या जागेत, 'मंजूर' लिहून सही केली.

घरी येताना सायकलवर मला बरं वाटत होतं. हेही लिहायला हवं.

तू आलीस तेव्हा पोळा होऊन गेला होता आणि पाऊस नव्हता. सकाळी तू परस्पर दवाखान्यात हजर व्हायला गेलीस आणि दुपारी आमच्या दारात उभी राहिलीस. खांद्याला पिशवी, पाय गुडघ्यापर्यंत धुळीचे. मी वाक्य तयार करून ठेवलं होतं. म्हणालो, "मला वाटलं नोकरीचाच आहे." तू माझ्याकडे बघत राहिलीस. सुमन पाण्याचा तांब्या घेऊन आली होती आणि ती तशीच थांबून राहिली. मग तू हसलीस. म्हणालीस, "आबांच्या राज्यात राजीनामा म्हंजे जुळवून घेणं. तुमच्या राज्यात सोडून जाणं. राज्य बदलल्यालं माझ्या ध्यानातच ऱ्हायलं न्हाई, बापू. चूक माझीच हाय."

तीच ती गंमत. ती त्या दुपारी जन्मली.

त्या दुष्काळात तू अहमदपूरच्या बाजूला पाझर तलावाच्या कामावर रोजंदारीनं लागलीस. बाया खडी फोडायच्या, तू ताडपत्रीखाली त्यांची लेकरं आणि औषधाची पेटी सांभाळायचीस. छावण्यांत पटकीच्या साथीत तू मीठ-साखरेचं पाणी पाजून माणसं वाचवली होतीस. इथेही लेकरांना ढाळ लागले तेव्हा तू बायांना शिकवायला बसलीस, एवढं मीठ, एवढा गूळ, एवढं पाणी. एक बाई तुला म्हणाली, "बाई, मीठ हाय. गूळ बी हाय. पानी कुठून आणू?"

हे तू आमच्या घरी येऊन सांगितलंस. सांगता सांगता थांबलीस. म्हणालीस, "तिकडं गुडघाभर पाण्यात उभी राहून हेच पाजत व्हते मी. पाण्याची कमी पडंल असं डोक्यातच आलं न्हाई." दुसऱ्या दिवसापासून तू टँकरच्या वाटेवर जाऊन उभी राहायला लागलीस. लेकरांचा रांजण भरल्याशिवाय ड्रायव्हरला पुढे जाऊ द्यायची नाहीस. तो तुला 'मिठाची बाई' म्हणायचा, आधी चिडून, मग सवयीनं. लेकरू रडायला लागलं तर बाया सांगायच्या, मिठाच्या बाईकडं जा.

पुढे बंगालच्या छावणीत तुझ्याबरोबर असलेल्या डॉक्टरांचं तुला पत्र आलं आणि तू बैरूतला गेलीस. तिथेही लढाई होती, घराघरातली. जाताना तू सहज म्हणालीस, "नोकरी असती तर गेले नसते." तुला कल्पना नसेल, हे वाक्य मी किती वापरलं. मनात टोचायला लागलं की मी स्वतःला सांगायचो, तुझ्यामुळेच तिनं जग पाहिलं. कधी कधी तर मला तुझा अभिमान वाटायचा आणि त्यातला थोडा हिस्सा मी माझ्याकडे घ्यायचो. त्याची आता लाज वाटते.

तुझ्या पत्रांत गोळ्या कमी आणि रोट्या जास्त असायच्या. तळघरातल्या दवाखान्यात भाकरीएवढ्या रोट्या, लिंबं, आणि पाणी वरच्या मजल्यावरून आणताना जीव मुठीत. एका पत्रात लिहिलं होतंस, "बापू, इथल्या अरबीत गरीब म्हणजे परका माणूस. मी इथं लई गरीब आहे. तसं सांगितलं की बाया जवळ बसवून घेतात." मी ते सुमनला वाचून दाखवलं. आपले शब्द तू तिथे नेऊन त्यांचा दुसरा अर्थ काढून पाठवत होतीस आणि त्यानं कुणाची नोकरी जात नव्हती.

परत आलीस तेव्हा केस पांढरे झाले होते आणि तू चपला घालून झोपायला लागली होतीस. तिथे कधी उठून पळावं लागेल याचा नेम नसायचा. सुमननं पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती हळूच काढायला गेली आणि तू झोपेतच पाय आखडून घेतलेस. नंतर तू नांदेडला गेलीस, गोदावरीच्या अंगाला खोली घेतलीस, एका खासगी दवाखान्यात लागलीस. औशाला का येत नाहीस असं मी एकदाच विचारलं. म्हणालीस, "तिथं माझं दप्तर बंद झालं."

मग लातूर जिल्हा झाला. उस्मानाबादहून ट्रकनं जुन्या कागदांचे, फडक्यात बांधलेले बस्ते आले आणि आम्हा कारकुनांना तालुक्यांप्रमाणे ते लावायला बसवलं. दोन महिने खोकला आणि धूळ. औशाच्या दवाखान्याचा बस्ता माझ्यापुढे आला तेव्हा मी तो बाजूच्याला देऊ शकलो असतो. नाही दिला, गाठ सोडली. तुझा कागद होता, 'मंजूर' होतं, माझा अर्ज होता. आणि त्यांच्यामागे, मला माहीत नसलेला, एक टिपणाचा कागद होता.

"सदर बाई आज समक्ष हजर. राजीनामा व भावाचा अर्ज दाखविला. दोन्ही वाचून पाहिले. राजीनामा नोकरीचाच व स्वखुशीने दिल्याचे सांगतात. सही घेतली." खाली तुझी सही. तारीख तू धुळीच्या पायांनी आमच्या दारात उभी राहिलीस त्याच दिवसाची.

म्हणजे दारात येण्याआधी तू माझा अर्ज वाचला होतास. माझ्या अक्षरात, तुझ्या अक्षरात, 'नोकरीचा' हा शब्द वाचला होतास. हा कागद नोकरीचा नाही, एवढंच तू बोलली असतीस तर तुझी नोकरी राहिली असती. पण मग मी, सरकारी नोकर, खोटा अर्ज केल्याबद्दल नोकरीतून गेलो असतो. तू साहेबांच्या टेबलापुढे उभी राहून हे ठरवलंस. मग उन्हातून चालत आलीस, माझं तयार केलेलं वाक्य ऐकून घेतलंस आणि हसलीस. तेरा वर्षं ती गंमत सांगत राहिलीस, म्हणजे दुसरी काही गोष्ट कुणाच्या मनात येऊ नये.

इतक्या वर्षांच्या नोकरीत मी कचेरीतली टाचणीसुद्धा घरी आणली नव्हती. तुझा राजीनामा मी खिशात घालून आणला.

तो खिशात ठेवून मी तीनदा नांदेडला आलो. लातूरहून निघताना सगळं ठरलेलं असायचं. अहमदपूरच्या स्टँडवर चहा घेताना मी मनात वाक्यं म्हणून बघायचो. लोहा येईपर्यंत ती विस्कटलेली असायची. तुझ्या खोलीत तू मला पोहे द्यायचीस, माझ्या बदलीचं विचारायचीस, आणि मी शेवटच्या गाडीनं परत.

शेवटचं आलो ते तू दवाखान्यात असताना. काविळीनं डोळे हळदीसारखे झाले होते. नर्सनं तुझ्या चपला काढून खाटेखाली ठेवल्या होत्या आणि तू तिच्यावर रुसली होतीस. मला म्हणालीस, "पायात घाल." मी घातल्या. डाव्या चपलेचा अंगठा तुटलेला होता, तो दोरीनं बांधला. मग तू डोळे मिटलेस आणि आबांचा आवाज काढलास, तुझा आवाज आता तसा जाडच झाला होता.

"फरीकैन हाजिर हैं क्या?"

मी म्हणालो, "हाजिर."

तू थांबलीस. आक्का, तू थांबली होतीस हे मला त्याच वेळी कळत होतं. कागद छातीवरच्या खिशात होता. खोलीत आपण दोघंच होतो. मी विचारलं, "मोसंबीचा रस आणू का?"

तू डोळे उघडलेस. म्हणालीस, "आण."

मी आणला. तू दोन घोट घेतलेस आणि उरलेला मला प्यायला लावलास, वाया जाऊ नये म्हणून. दुसऱ्या दिवशी सकाळी तू गेलीस.

आज रविवार. सुमन टँकरच्या रांगेला लागली होती, यंदाही पाऊस तसाच आहे. तिच्या दोन घागरी घरात येईपर्यंत मी तुझा कागद उघडून बसलो होतो. तुझ्या सहीखाली जागा नाही, तिथे 'मंजूर' आहे. म्हणून मी समासात, आडवी, बारीक सही केली. पाटीवर करायचो तशी उर्दूत केली. अक्षरं जुळेनात. तू असतीस तर हात धरून गिरवून घेतलं असतंस. मग उठून तव्याच्या बुडाला अंगठा घासला आणि आबांच्या जागी उठवला.

सुमन मागे उभी होती. म्हणाली, "काय करून राहिलात?" मी तिला सगळं सांगितलं, नऊ दिवसांपासून मोसंबीच्या रसापर्यंत. ती ऐकत होती. घागर तिनं कमरेवरून उतरवली नव्हती. शेवटी म्हणाली, "हे आक्कांना सांगायचं व्हतं." आणि आत गेली.

आता कागदावर दोघांच्या सह्या आहेत, अंगठा आहे. तरी आबांना हे चाललं नसतं. फरीक गैरहाजिर असला की तारीख पडते, आणि या वेळी गैरहाजिर तू आहेस. मी इथे बसलोय, आक्का. हाजिर आहे. तारीख तू दे.